बाया दोन

गावातल्या निम्म्या लोकांना अजूनही वाटतं की मी कधीतरी शिक्षा भोगून आले आहे. मी आता कुणाची समजूत काढत बसत नाही, कंटाळा आला. पण लिहायला बसलेच आहे तर खरं ते लिहिते. मी कैदी नव्हते. तुरुंगात बायकांवर पहारा करायला जी बाई लागते ती मी होते. साहेब तिला मॅट्रन म्हणत. शिपाई मला मथुरावयनी म्हणत, कारण माझा नवरा गंगाराम त्यांच्यातलाच एक वॉर्डर होता. तो हिवतापाने गेला आणि तेरावं झालं न झालं तोच गुणाजी जमादार दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, एक बाई कैदी येते आहे, तिच्यावर बाईमाणूसच लागतं, तुम्ही येता का? मी गेले. नाही म्हणून जाणार कुठे होते? मूलबाळ नव्हतं, माहेरी कुणी उरलं नव्हतं, आणि वॉर्डरची खोली महिनाअखेर रिकामी करून द्यायची होती.

या नोकरीची गंमत अशी, की तुरुंगात बाई कैदी असेल तेवढेच दिवस ती असायची. बाई सुटली की मीही सुटले. खोलीही गेली आणि शिधाही गेला. मग पुढची बाई कुठे कुणाच्या डोक्यात विळा घालते त्याची वाट बघत मी चुलत दिराच्या पडवीत पडून राहायची. जाऊबाई ताट वाढताना माझ्याकडे बघायची नाही. विहिरीवर गेले की बायकांचं बोलणं थांबायचं. एक तर विधवा, त्यात तुरुंगातली. दोन वर्षं माझ्याशी कुणी धड चार वाक्यं बोललं असेल तर शपथ.

दुसरा एक नियम होता. बाई कैदी एकटीच असेल तर तिला कुलपाआड एकटी ठेवायची नाही, पहारेकरणीनेही तिच्यासोबत आत झोपायचं. आणि किल्ली आतल्या बाईकडे कशी द्यायची? म्हणून ती जमादाराकडे. दिवस मावळला की गुणाजी मला कैदी बाईसकट आत घालून बाहेरून कुलूप लावायचा आणि सकाळी काढायचा. नव्या माणसाला हे ऐकून हसू येतं. मलाही पहिल्या दिवशी आलं होतं.

तुरुंग कुठला, ते लिहीत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातलं एक बंदराचं गाव, एवढं पुरे. चिऱ्याच्या भिंती, वर नळ्यांची कौलं, नव्वद माणसांसाठी बांधलेला. मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे तीस साली, त्यात पावणेतीनशेच्या वर माणसं भरली होती. आणि त्यांच्यावर वॉर्डर किती, तर नऊ. त्यातले दोन कायम तापाने फणफणलेले. एक-एक शिपाई दोन-दोन पाळ्या करायचा आणि भिंतीला टेकून उभ्याउभ्या डुलक्या घ्यायचा. माणसं पुरेनात म्हणून जुन्या खुन्यांच्या कमरेला पट्टे बांधून त्यांनाच पहाऱ्यावर उभं केलं होतं. बराकीत माणसं एका कुशीवर निजायची. एकाला कूस बदलायची तर ओळीतल्या सगळ्यांनी बदलायची. संडासापुढे पहाटेपासून रांग. ज्यांना आत जागा नव्हती ते पडवीत. पडवीही भरली तेव्हा बायकांचं अंगण घेतलं, त्यातल्या तिन्ही खोल्या घेतल्या. बायकांसाठी उरलं ते कोठाराला लागून असलेलं काथ्या ठेवायचं एक लहानसं खोपटं. सहा हात लांब आणि पाच हात रुंद. भिंतीपलीकडे पावणेतीनशे माणसं खोकायची, भजनं म्हणायची, भांडायची. भिंतीअलीकडे आम्ही दोघी, बकुळा आणि मी.

बकुळा खाडीपलीकडच्या खारवीवाड्यातली. चाळिशीच्या आतली, हाडापेराने दणकट, आवाज असा की होडीतून हाक मारली तर काठावरच्या माणसाने दचकावं. नवरा समुद्रात गेलेला, पोटी एकच पोर. तिला सहा महिन्यांची शिक्षा झाली होती ती मिठापायी. पण सत्याग्रहाशी तिचा काही संबंध नव्हता. पहिल्या दिवशी मी विचारलं, तर माझ्यावरच खेकसली.

"मी कसला सत्याग्रव करतंय! खाडीच्या चिखलावं मीठ आपसूक धरतंय, ते मी खरवडलं. माजे बांगडे कुजून जात व्हते, ते काय तुजं सरकार खारवनार व्हतं?"

"माझं सरकार कशाला गो?" मी म्हटलं.

"मग कुनाचं? किल्ली कुनाकडं हाय?"

"जमादाराकडे. मलापण कोंडतात."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि अशी हसली, अशी हसली, की पलीकडून कुणीतरी भिंतीवर थाप मारली. "म्हंजे तुज्यापरीस मी बरी. माज्या शिक्षेला शेवट तरी हाय."

त्या दिवसापासून ती बोलत सुटली ती थांबलीच नाही. तिला नाचणी दळायचं काम होतं. जात्याला एकच खुंटा, पण मी समोर बसून हात लावायची. तसा नियम नव्हता, पण बघायला होतं कोण? ती बोलायची आणि मी ऐकायची. होडीवरच्या कुठल्या तांडेलाची बायको कुणाबरोबर पळाली, मोरी मासा कसा चिरायचा, वारा फिरला की पोटऱ्या कशा दुखतात. मला ती 'मथुराबाय' म्हणे. माझं नाव कुणी असं जोरात घेऊन कित्येक दिवस झाले होते. संध्याकाळी कुलूप लागायची वेळ झाली की इतर शिपायांना सुटका वाटायची. मला त्या वेळेची वाट पाहावीशी वाटे. आत गेलं की ती बोलणार आणि सकाळपर्यंत उठून कुठे जाणार नाही, हे मला ठाऊक असे. वाईट दिसतं हे लिहिताना, पण तसंच होतं.

आणि तिच्या बोलण्यात सारखी यायची ती गुणवंती. तिची मुलगी. गेल्या वर्षी तिचं लग्न करून दिलं होतं. बकुळेला पकडून नेलं तेव्हा तिला चौथा महिना होता.

"पयलं बालंतपन म्हायेरी," बकुळा म्हणायची. "आता म्हायेर म्हंजे कोन? मीच ना? घराला कडी लावून आलंय मी." मग बोटं मोजायची. श्रावण, भादवा, आश्विन. आश्विनात पोरीचे दिवस भरणार आणि हिची सुटका कार्तिक सरता सरता. किती वेळा मोजलं तरी तेच यायचं.

आता ती चूक कशी झाली ते सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. आमचा जुना कारकून भाद्रपदात अंथरुणाला खिळला आणि त्याच्या जागी तालुक्याहून काशीराम नावाचा एक कारकून उसना आणला. बिचारा जकातीच्या नाक्यावरचा, त्याने आयुष्यात गोणी मोजल्या होत्या, माणसं नव्हेत. रोज संध्याकाळी कुलपं लागण्याआधी मोजणी होई आणि तिचा आकडा दारावरच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहीत. पुरुष इतके, बाया इतक्या, एकूण इतके. वहीतला एकूण आणि अंगणातला एकूण जुळल्याशिवाय कुणाला घरी जायचं नाही.

काशीरामाच्या पहिल्याच दिवशी एक माणूस कमी भरला. बाहेर धो धो पाऊस. पाचापाचांच्या ओळी करून तीनदा मोजलं, तीनदा एक कमी. कैदी भिजून कुडकुडत होते आणि शिव्या देत होते, वॉर्डर एकमेकांवर ओरडत होते. शेवटी काशीराम रडकुंडीला आला. म्हणाला, ओळी नकोत, सगळ्यांना आत घाला, मी कुलपाकुलपाला जाऊन विचारतो आत किती. तसा तो कंदील घेऊन दारोदार फिरला. आमच्या दाराशी येऊन त्याने गुणाजीला विचारलं, "आत किती?" गुणाजीचे पाय दिवसभर उभं राहून सुजले होते. तो म्हणाला, "दोन."

एकूण जुळला. काशीरामाने फळ्यावर लिहिलं: बाया दोन. सगळे घरी गेले.

दुसऱ्या दिवशी तेच उतरवलं, तिसऱ्या दिवशी तेच. मला चार अक्षरं आणि आकडे नवऱ्याने शिकवले होते. मी फळा बघितला तेव्हाच मला उमगलं. गुणाजीलाही उमगलं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे वयनी. तुमच्या नावचा शिधा निगतोय, पोटभर जेवा." मी ऱ्हाऊ दिलं. त्यात कुणाचं काही वाईट होत नव्हतं. शिवाय खोटं कशाला बोला, त्या फळ्यावर कुठेतरी मी आहे हे मला बरं वाटलं होतं.

जेलरसाहेबांकडे दोन तुरुंगांचा कारभार होता. ते आठवड्यातून दोनदा यायचे, कागदांवर सह्या करायचे आणि नाकाला रुमाल लावून निघून जायचे. बायकांच्या खोपटापर्यंत ते कधी आले नाहीत.

घट बसले त्या दिवशी गुणाजी मला कोठाराच्या मागे गाठून म्हणाला, "वयनी, तुमी वाचलाव. पेढं द्या."

"कसले पेढे?"

"वरनं हुकूम आलाय. जागा नाय ना कुटंच. ज्या तुरुंगात बाय कैदी एकटीच हाय, आनि तिची तीन म्हयन्याच्या आत शिक्षा ऱ्हायलीय, तिला सोडून द्या, जागा मोकळी करा. सायबान् फळा बगितलान आनि लिवलान, आमच्याकडं बाया दोन, हुकूम लागू नाय." तो हसला. "नायतर उद्याच्याला तुमी परत दिराच्या पडवीत."

त्याने मला मदत केली अशीच त्याची समजूत होती, आणि खरंच केली होती. मी हसले. मग खोपटात गेले. बकुळा जात्यावर होती. मला बघून म्हणाली, "ये गो, बस, माजा हात दुखाय लागला." मी बसले आणि खुंट्याला हात लावला.

मला एवढंच करायचं होतं. उठायचं, चाळीस पावलं चालून कचेरीत जायचं आणि म्हणायचं, दुसरी बाई मी आहे. बकुळा दोन दिवसांत घरी पोचली असती. मी स्वतःला सांगितलं, उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी साहेब आले नव्हते. तिसऱ्या दिवशी आले, तेव्हा मी तांदूळ निवडत बसले आणि एकही खडा मला दिसला नाही. चौथ्या दिवशी मी मनाशी म्हटलं, काशीरामाची नोकरी जाईल बिचाऱ्याची. पाचव्या दिवशी म्हटलं, बाळंतपणं काय, कुणाची कुणीही करतात. माणूस स्वतःशी खोटं बोलायला लागला की किती हुशार होतो, बघा.

सहाव्या दिवशी भेटीचा दिवस होता. बकुळेचा भाऊ धाकू आला. अर्धा आंधळा, होड्यांना डांबर लावून पोट भरणारा. जाळीच्या पलीकडून त्याने सांगितलं, की गुणवंती आली आहे. सासरची माणसं नको नको म्हणत असताना आली, आईच्या घराची कडी काढून आत एकटीच राहिली आहे. म्हणते, पहिलं बाळंतपण म्हणजे आईच्याच घरी. सुईण तरी कुठली? वाड्यातली म्हातारी गेल्या पावसात वारली.

बकुळा त्या दिवशी बोलली नाही. कुलूप लागल्यावर म्हणाली, "मथुराबाय, तुला लिवता येतंय. सायबाला अर्ज लिव ना. लिव, की पोरीला कोन नाय."

मी म्हटलं, "अर्जाने काही होत नाही गो. साहेब वाचतसुद्धा नाहीत."

"खरं?"

"खरं."

तिने मान हलवली. तिचा माझ्यावर विश्वास होता.

त्यानंतर मला ताप भरला. कदाचित हिवताप असेल, कदाचित दुसरं काही. मी खोपटात कांबळं घेऊन पडले. बकुळेने माझ्या वाटणीचं दळण दळलं, माझे पाय चोळले, कुठून तरी मिरी मिळवून काढा करून घातला. कैदी पहारेकरणीची सेवा करते आहे म्हणून पहाऱ्यावरचे पट्टेवाले कैदी दाराशी येऊन हसून जायचे. तिने एकाला अशी शिवी घातली की तो परत आला नाही. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी ताप उतरला. गुणाजीने कुलूप लावलं. बाहेर अजून उजेड होता, वरच्या झरोक्यातून भिंतीवर पडला होता. बकुळेने मला उठवून बसवलं, पाठीशी वाकळ दुमडून ठेवली आणि म्हणाली,

"मी इचार केलाय. माजी शिक्षा सरली की तू काय करनार? परत त्या दिराच्या पडवीत?"

"दुसरं काय."

"मग माज्या घरी चल. खरं सांगतंय. मी बाजारात जाईन, तू पोरीकडं नि पोराकडं बग. बालंतिनीला शेकशेगडी कोन करनार? घर ल्हान हाय, पन ह्या खोपट्यापरीस मोठं हाय." आणि परत ते मोठं हसू. "जातीचं काय बोलशील तर आजवर एका भांड्यातलं पानी पितंच हायेस."

ज्यासाठी मी सात-आठ दिवस तोंड शिवून बसले होते ते ती मला आपण होऊन देत होती. पहिल्याच दिवशी मी कचेरीत गेले असते तरी तिने हेच म्हटलं असतं, हे मला त्या क्षणी कळलं. मग मला राहवेना.

"बकुळे," मी म्हटलं, "तुला केव्हाच सोडलं असतं. हुकूम आला होता."

"कसला हुकूम?"

मी सगळं सांगितलं. फळ्याचं, मोजणीचं, एकट्या बाईला सोडायच्या हुकमाचं. "त्यांच्या वहीत दोन बाया आहेत. ती दुसरी मी. मला ठाऊक होतं. मी बोलले नाही."

"कवापासनं ठावं व्हतं?"

"घट बसले त्या दिवसापासून."

तिने बोटं मोजली. नेहमीची सवय. एक, दोन, तीन... आठाशी थांबली. "का?" तिने विचारलं. ओरडली नाही. तिचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"तू गेलीस की मला कोण?" मी म्हटलं. दुसरं खरं उत्तर नव्हतंच.

उठून तिने आपलं कांबळं ओढून समोरच्या भिंतीला नेलं आणि तोंड फिरवून बसली. पाच हात रुंद जागा. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी दारावर थापा मारल्या, गुणाजीला हाका मारल्या, पण तो दोन पाळ्या करून कुठेतरी मेल्यासारखा पडला असणार, आणि पलीकडे नवरात्राची आरती चालली होती. तीनशे माणसं टाळ्या वाजवत होती. त्या गोंगाटात एका बाईची हाक कोण ऐकणार? तिने मला मारायला हवं होतं. तिच्या मनगटात ताकद होती आणि मला पळून जायला जागा नव्हती. तिने मारलं नाही. उजाडेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो.

सकाळी कुलूप निघाल्याबरोबर मी कचेरीत गेले. काशीरामाला सांगितलं, तर त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाई, एक बाई कमी केली तर एकूण एक कमी होतो. मग तो एक गेला कुठे? पळाला म्हणतील! मी काय सांगू?"

"तुम्ही यायच्या आदल्या दिवशी इथून एक म्हातारा बैलगाडीत घालून रत्नागिरीला इस्पितळात नेला," मी म्हटलं. "मी डोळ्यांनी बघितलं. त्याचा कागद कुठे आहे ते शोधा."

कागद जुन्या कारकुनाच्या दप्तरात निघाला, नोंद न केलेला. म्हातारा बाहेर गेला होता, वहीत मात्र आत होता, आणि त्याची जागा इतके दिवस मी भरून काढत होते. साहेब दुपारी आले. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, आणि मला विचारलं, "हे तुम्हाला केव्हा कळलं?"

"आजच," मी म्हटलं. तिथेही मी खोटंच बोलले.

"बरं. कागद करायला सांगतो." त्यांनी भिंतीवरच्या पंचांगाकडे बघितलं. "पण आज खंडेनवमी, कचेरी अर्धीच. उद्या दसरा. परवा सकाळी सोडू."

मी त्यांच्या पाया पडले. म्हटलं, साहेब, आजच सोडा, तिची पोर अवघडलेली आहे, एकटी आहे. त्यांना माझी दया आली असावी, कारण ते रागावले नाहीत. म्हणाले, "इतके दिवस राहिली, दोन दिवसांनी काय होतंय?" हे मीच आठ दिवस म्हणत होते.

एकादशीला सकाळी ती सुटली. ते दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आत आम्ही दोघी रोजच्यासारख्याच कोंडल्या जात होतो. जाताना तिने गुणाजीला "येतंय हां जमादार" म्हटलं. झाडूवाल्याला म्हटलं. ज्या पट्टेवाल्याला शिवी घातली होती त्यालाही म्हटलं. मी दाराच्या कडेला उभी होते. माझ्यासमोरून ती गेली, तेव्हा तिच्या पदराचा वारा मला लागला. पुढे रस्त्याला लागल्यावर ती धावायला लागली.

गुणवंती दसऱ्याच्या दिवशी बाळंत झाली होती. धाकूने शेजारची एक पोरवयाची बाई बोलावून आणली होती, तिला काही ठाऊक नव्हतं. गुणवंती वाचली. मुलगा उपजला तोच निळा पडलेला, रडला नाही. बकुळा असती तर रडला असता का? गुणाजी म्हणायचा, देवाची करणी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बकुळेने वाड्यातली कितीतरी मुलं आपल्या हातांनी सोडवली होती, हे तिनेच मला जात्यावर सांगितलं होतं. गुणाजीला ते ठाऊक नव्हतं.

माझी नोकरी त्याच एकादशीला संपली. नंतर दोन बाया आल्या तेव्हा मला बोलावणं आलं, मी गेले नाही. आता मी बंदरावरच्या गल्लीत एका खणाची खोली भाड्याने घेऊन राहते, घराघरांची दळणं दळते. ह्याला सहा वर्षं झाली.

दर बुधवारी बाजार भरतो. बकुळा तिथे बसते, पिंपळाच्या पारापासून तिसरी. तिच्यापुढे कायम गर्दी. बायका वाकून मासे दाबून बघतात, नाकं मुरडतात, आणि ती त्यांची आय-बहीण काढते. "असले पैसे तुज्या घोवाला दाकव!" म्हणते. "हात लावू नको, घेनार नाय ती!" चार पावलं गेलेलीला हाका मारून परत बोलावते, शपथा घालते, शेवटी एक जास्तीचा बांगडा टोपलीत फेकते. भांडता भांडता सगळ्या हसत असतात.

माझी पाळी आली की ती गप्प होते. भाव सांगत नाही. मी हातात येतील ते पैसे ठेवते. कधी कमी ठेवते, मुद्दाम, फार कमी, इतके कमी की दुसऱ्या कुणी ठेवले असते तर तिने पाट उलथा केला असता. ती मोजत नाही. चांगले ताजे मासे निवडून पानावर घालते, पान माझ्याकडे सरकवते आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईकडे बघते. गेल्या बुधवारी मी एकच दिडकी ठेवली. तिने मला सुरमई दिली.

मी मासे खात नाही, गंगाराम गेल्यापासून सोडले. तरी दर बुधवारी मी रांगेत उभी राहते. वाटतं, आज तरी ती माझ्यावर ओरडेल.